विरजणापुरते दही

गेल्या हिवाळ्यातल्या एका रात्री, साडेदहाच्या सुमारास, कोमट दुधाचे पातेले ओट्यावर ठेवून मी फ्रिज उघडला आणि लक्षात आले, की विरजण लावायला घरात चमचाभरही दही उरलेले नाही. दुपारी कढी करताना विरजणापुरते बाजूला काढून ठेवायचे राहूनच गेले होते. मी फोन हातात घेतला, दह्याचा एक डबा मागवला आणि नऊ मिनिटांनी गेटवरच्या अ‍ॅपने ‘आत सोडू का’ असे विचारले तेव्हा बोटानेच होकार दिला. दार उघडेपर्यंत पिशवी कडीला अडकवलेली होती आणि ती आणणाऱ्या मुलाची पाठ लिफ्टच्या मिटत्या दारांआड नाहीशी होत होती. चारशे ग्रॅमच्या त्या डब्यातले मला एक चमचा हवे होते.

पिशवी काढून घेताना समोरच्या बंद दाराखाली उजेडाची पट्टी दिसत होती आणि आतून एका मालिकेचे शीर्षकगीत ऐकू येत होते. त्या घरातल्या बाईंच्या समोर मी सहा वर्षे राहते आहे. सोसायटीच्या ग्रुपवर त्या ‘बी-७०२’ आहेत. त्यांच्या वायफायचे नाव मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या फोनवरच्या यादीत ते रोज उमटते. त्यांचे स्वतःचे नाव मात्र मला ठाऊक नव्हते. माझ्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत अकरा पावले आहेत. ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी पाहत नाही अशी खात्री करून, मोजली.

मोजावीशी वाटली ती एका जुन्या कथेमुळे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्लिश लेखकाची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा नोव्हेंबर १९०९ मध्ये ‘ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या जुलैत लुई ब्लेरिओने विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली होती. रेडिओवरचे कार्यक्रम सुरू व्हायला दशकभराचा अवकाश होता आणि दूरचित्रवाणीला त्याहून जास्त. लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोफोन’ नावाची एक सेवा मात्र १८९५ पासून चालू होती आणि तिचे वर्गणीदार नाटकगृहातले गाणे टेलिफोनच्या तारेतून घरबसल्या ऐकत असत. फॉर्स्टरने तिच्यावरूनच कल्पना उचलली असे मी म्हणणार नाही, पण घरात बसून जग कानाशी आणण्याची हौस तेव्हाही नवी नव्हती, एवढे खरे.

कथेतली माणसे जमिनीखाली राहतात. प्रत्येकाला मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी एकेक षटकोनी खोली. खिडकी नाही, दिवा नाही, तरी उजेड आहे. वाद्य नाही, तरी संगीत आहे. मधोमध आरामखुर्चीत वाश्ती नावाची एक फिकुटलेली बाई बसलेली आहे आणि तिच्या हाताशी अन्नाची, कपड्यांची, गरम पाण्याची, संगीताची, साहित्याची आणि मित्रांची बटणे आहेत. तिच्या ओळखी हजारोंनी मोजाव्यात इतक्या आहेत. ती खुर्चीतूनच व्याख्याने देते आणि खुर्चीतूनच ऐकते. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अशाच एका खोलीत राहतो. एके दिवशी हातातल्या निळसर तबकडीवर त्याचा चेहरा उमटतो आणि तो म्हणतो, की तू मला भेटायला ये, यंत्रातून नको. आई गोंधळून जाते. मी तुला पाहतेच आहे की, आणखी काय हवे, असे ती विचारते, आणि तिच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी रास्त आहे.

पुढे हाच कुनो तिला सांगतो, की आपली अंतराची जाणीव हरवली आहे आणि ती परत मिळवण्यासाठी तो खोलीबाहेरच्या फलाटावर दमून जाईपर्यंत येरझारा घालत राहिला. तेव्हा त्याला ‘जवळ’ आणि ‘दूर’ या शब्दांचे अर्थ नव्याने कळले. जवळ म्हणजे माझ्या पायांनी जिथे लवकर पोचता येते ती जागा. रेल्वेने किंवा हवाई जहाजाने लवकर पोचता येते ती नव्हे. त्या रात्री दह्याचा डबा कुठल्याशा गोदामातून, दोन सिग्नल ओलांडून, माझ्या दाराशी आला होता आणि माझ्या लेखी तेच जवळ होते. अकरा पावले मला लांब वाटली. खरे सांगायचे तर ती लांब वाटलीसुद्धा नाहीत, कारण ती मला सुचलीच नव्हती.

या कथेचे कौतुक बहुतेक वेळा भाकितासाठी होते. हातातली चकाकती तबकडी, बसल्या जागी व्याख्याने, क्षणाक्षणाला वाजणारी घंटा. लेखकाने शंभर वर्षे आधी हे कसे पाहिले, वगैरे. मला त्यात फारसा रस नाही. पंचांगातला पाऊससुद्धा कधीकधी पडतो. मला या कथेत खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. यंत्राने कोणाला कोणापासून तोडल्याचा प्रसंग तिच्यात फारसा येत नाही. मुलाला भेटायला निघालेल्या वाश्तीला कोणी अडवत नाही, हवाई जहाजे नेमाने चालू आहेत, फक्त ती जवळजवळ रिकामी जातात. यंत्राने एवढेच केले, की एका माणसाला दुसऱ्याकडे जावे लागेल अशी एकेक गरज काढून घेतली. त्या प्रवासात वाश्ती खिडकीतून कॉकेशस पर्वत पाहते, यात काही कल्पना नाहीत असे पुटपुटते आणि पडदा ओढते. त्याच प्रवासात तिचा तोल जातो, तेव्हा जहाजावरची सेविका हात पुढे करून तिला सावरते आणि वाश्ती संतापते, कारण माणसांनी एकमेकांना हात लावण्याची रीत केव्हाच संपलेली असते. सेविका ओशाळते. तुम्हाला पडू दिले नाही याबद्दल ती क्षमा मागते.

जाता जाता एक गंमत. पृथ्वीच्या दोन टोकांना बसलेल्या आई-मुलाची ही कथा लिहिणारा फॉर्स्टर स्वतः आईबरोबर राहत होता आणि १९४५ मध्ये ती जाईपर्यंत राहिला. कथेनंतर वर्षभरात आलेल्या ‘हॉवर्ड्स एंड’ या कादंबरीच्या आरंभी त्याने ‘फक्त जोडा’ अशा अर्थाचे दोन शब्द घातले, जे आज कुठल्याही मोबाईल कंपनीला जाहिरातीसाठी चालतील. आणि १९२१ मध्ये हा गृहस्थ थेट आपल्या माणसांत, देवास थोरली पाती या मराठा संस्थानात, तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने येऊन राहिला. तिथल्या गोकुळाष्टमीच्या गोंगाटाने तो बेजारही झाला आणि भारलाही गेला. त्यातूनच ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीतला देवळाचा भाग उतरला, ज्यात गोडबोले नावाचे प्राध्यापक टाळांच्या साथीने तुकारामाच्या नावाचा गजर करतात. षटकोनी खोलीत एकट्या बाईला बसवणाऱ्या लेखकाला पुढे त्या गर्दीचे इतके आकर्षण वाटावे, यात मला मुळीच विसंगती दिसत नाही.

माझे बालपण साताऱ्यात एका वाड्यात गेले. वडिलांच्या पत्त्याखाली जो फोन नंबर छापलेला असे त्याच्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे असत, कारण तो नंबर आमचा नव्हता, दोन घरे पलीकडच्या काकूंचा होता. ‘पी.पी.’ म्हणजे ‘पळत पळत’ अशी आम्हा मुलांची पक्की समजूत होती आणि ती अनुभवसिद्धही होती, कारण काकूंनी गॅलरीतून हाक मारली, की आम्हालाच पळत जाऊन ज्याचा फोन असेल त्याला बोलावून आणावे लागे. काकूंच्या काळ्या फोनवर क्रोशाचे आच्छादन होते आणि तबकडीला पितळेचे इवलेसे कुलूप. त्या फोनवरून वाड्यात कोणाची बदली आली, कोणाचे बाळंतपण नीट पार पडले, कोणाच्या गावी कोण गेले. आणि ज्याच्यासाठी बातमी आली तो रिसीव्हर ठेवून वळला, की समोर काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असत. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी वाड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे सतरंज्या अंथरल्या जात. तेव्हाही यंत्रेच होती ती. पण ती अपुरी होती, आणि अपुरी होती म्हणून त्यांच्यापाशी जावे लागे.

याला मी सुवर्णकाळ म्हणणार नाही, कारण माझी आत्या तो कोणालाच म्हणू द्यायची नाही. तिच्या लग्नाच्या खटपटी चालू होत्या आणि स्थळांचे निरोप काकूंकडे येत. होकार आला असता तर गोष्ट वेगळी, पण नकार असला तर तो आधी काकूंच्या कानांवर पडे, मग जिन्यावर, मग आमच्या स्वयंपाकघरात. कित्येकदा आत्याला तो तिसऱ्या तोंडून कळला. काकूंनाही आपली रोजची कामे टाकून पंधरा घरांची टपाल कचेरी चालवावी लागत होती, तिच्याबद्दल त्यांना कोणी विचारले नव्हते. वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहणे बहुधा बायकांच्याच वाट्याला येई आणि त्यातले मिंधेपणही. १९९२ मध्ये आमच्या घरी स्वतःचा फोन आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद आत्यालाच झाला होता, आणि तो आनंद खोटा होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

मात्र त्यानंतर काकूंकडे जाणे कमी झाले. कोणी भांडले नाही, कोणी दार लावून घेतले नाही. फक्त निमित्त संपले. आपल्याकडे नुसते ‘भेटायला आलो’ असे म्हणून कोणाकडे जाता येत नाही, काहीतरी सांगावे लागते, वाटीभर साखर लागते, इस्त्री हवी असते, मुलाला गणित अडलेले असते, विरजण संपलेले असते. दिवेलागणीनंतर घरातले दही बाहेर देऊ नये असे मानणाऱ्या बायकाही विरजणासाठी तो नियम वाकवीत. काम एका मिनिटाचे असे आणि बसणे अर्ध्या तासाचे. यंत्राने ते एक मिनिट वाचवले. अर्धा तास त्याच्याच पोटात होता हे मागाहून कळले.

आयझॅक असिमॉव्हच्या १९५७ च्या ‘द नेकेड सन’ या कादंबरीत हीच गोष्ट उलट्या बाजूने येते. तिथे कोंदट खोल्या नाहीत, ऐसपैस इस्टेटी आहेत. सोलारिया या ग्रहावर अवघी वीस हजार माणसे आणि दर माणसामागे दहा हजार यंत्रमानव. त्यामुळे कोणाचेच कोणावाचून अडत नाही. प्रतिमेच्या रूपात ही माणसे एकमेकांशी मनमोकळ्या गप्पा मारतात, इतक्या मोकळ्या, की समोरच्याच्या अंगावर कपडे आहेत की नाहीत याचाही विचार करत नाहीत. पण पृथ्वीवरून खुनाच्या तपासासाठी आलेला गुप्तहेर एका समाजशास्त्रज्ञाच्या खोलीत सदेह जाऊन बसतो, तेव्हा त्या विद्वानाला दुसऱ्या माणसाचा श्वास आपल्याच हवेत मिसळतो आहे या विचाराने मळमळू लागते. असिमॉव्हने या दोन प्रकारांसाठी दोन वेगळी इंग्रजी क्रियापदे योजली आहेत, आणि दोन्हींचा अर्थ पाहणे असाच होतो. आपल्याकडे ‘पाहणे’ आणि ‘भेटणे’ हे शब्द मुळातच वेगळे असल्यामुळे मराठी वाचकाला तो फरक समजावून सांगावा लागत नाही. गंमत म्हणजे असिमॉव्हला स्वतःला बंदिस्त जागा आवडत आणि विमानात बसायची भीती वाटे. बंद खोलीत सुखाने टंकलेखन करत बसणाऱ्या माणसाने हे लिहिले म्हणून मला ते अधिक विश्वासार्ह वाटते. रे ब्रॅडबरीची १९५१ ची ‘द पेडेस्ट्रियन’ मात्र मला थोडी सरळसोट वाटते. २०५३ सालातल्या शहरात सगळे जण घराघरात पडद्यांपुढे बसले असताना एकटाच पायी फिरणारा लेखक पोलिसांच्या गाडीला संशयास्पद वाटतो, आणि त्या गाडीतही माणूस नसतो. तिच्यात चांगला आणि वाईट कोण हे पहिल्या पानावर ठरलेले आहे. वाश्तीचे तसे नाही. वाश्ती मला आतून ओळखीची आहे.

ती कशी ओळखीची आहे ते सांगते. आई साताऱ्याला एकटी राहते आणि आम्ही रोज संध्याकाळी सात वाजता, तिचे देवापाशी दिवा लावून झाला की, व्हिडिओवर बोलतो. तिला कमी ऐकू येते, त्यामुळे ओठ दिसतात ही मोठी सोय आहे आणि ती मी क्षुल्लक मानत नाही. फोन कसाही धरला तरी तिचा निम्मा चेहरा आणि डोक्यावरचा पंखा एवढेच दिसते. मधेच चित्र गोठते, तेव्हा आमच्या घरात ‘आई अडकली’ असे म्हणतात आणि ती सुटेपर्यंत सगळे शांतपणे थांबतात. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ओळीने तीन आठवडे मी अशी रोज तिला पाहत होते, औषधे घेतलीस का, जेवलीस का, विचारत होते, आणि ती ‘मी अगदी मजेत’ म्हणत होती. चौथ्या आठवड्यात कागदपत्रांवर तिच्या सह्या हव्या होत्या म्हणून गेले. दार तिने उघडले नाही, समोरच्या वहिनींनी उघडले. आई पलंगावर बसली होती आणि तिच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर होते.

मोरीत पाय घसरला होता, घोट्याच्या हाडाला चीर गेली होती. वहिनींना ते त्याच दिवशी कळले, कारण सकाळचे नऊ वाजून गेले तरी दुधाची पिशवी दाराला लटकतच होती. त्यांनीच रिक्षा बोलावली, त्यांनीच दवाखान्यात नेले. मला ज्या गोष्टीसाठी चार कॅमेरे लावूनही खात्री देता आली नसती, ती त्यांना दुधाच्या पिशवीने सांगितली. मी आईवर रागावले, रागावताना रडलेही, आणि तिने पदराने माझे नाक पुसत म्हटले, ‘अगं, सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस. म्हणून नाही सांगितलं.’

पुण्याहून साताऱ्याला जायला अडीच तास लागतात. त्याआधीचे दोन महिने मी गेले नव्हते, आणि न गेल्याची टोचणी मला एकदाही लागली नव्हती, कारण मी तिला रोज पाहत होते. रोज पाहत होते म्हणूनच जाणे पुढे ढकलता येत होते. फोन नसता तर मी इतके दिवस थांबू शकले नसते. फॉर्स्टरच्या कथेत तबकडीतल्या मुलाचा चेहरा वाश्तीला क्षणभर उदास वाटतो, पण खात्री करता येत नाही, कारण यंत्र चेहऱ्यावरच्या बारीक छटा पोचवत नाही. ते माणसाची एक ढोबळ कल्पना तेवढी देते, आणि व्यवहाराला तेवढी पुरते. द्राक्षावर जो पांढुरका थर असतो आणि बोट लागताच पुसला जातो, तो नकली फळे बनवणारे सोडूनच देतात, असे तिथे म्हटले आहे. माझ्या बाबतीत प्रश्न छटेचा नव्हता. कॅमेऱ्यात पाय येत नाहीत, एवढी ढोबळ गोष्ट मला सुचली नव्हती.

अलीकडे सरकारांनाही याची काळजी लागली आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये एकटेपणाचे काम एकेका मंत्र्याकडे सोपवले. सोपवोत बापडे. निमित्ते तयार करणे हे मंत्र्याच्या आवाक्यातले काम आहे का, याची मला शंका आहे.

कथेच्या शेवटी यंत्र बंद पडते हे शीर्षकातच सांगितलेले आहे, त्यामुळे त्याचा धक्का बसत नाही. धक्का बसतो तो त्याआधीच्या दोन-तीन पानांत. संगीतात मधेच एक उसासा ऐकू येऊ लागतो, आंघोळीच्या पाण्याला वास येतो, यंत्राच्या कवितांची यमके चुकू लागतात. लोक तक्रारी करतात, समित्यांकडे दाद मागतात, आणि मग हळूहळू तक्रारी थांबतात, कारण दोष दुरुस्त होत नाहीत तरी माणसे त्यांना सरावतात. काही दिवसांनी वाश्तीला तो उसासा मूळ चालीचाच भाग वाटू लागतो. हे वाचताना मला दर वेळी ‘आई अडकली’ ऐकू येते, आणि ते आम्ही किती सहज, जवळजवळ लाडाने म्हणतो, तेही.

परवा पुन्हा विरजण संपले. हे मी मुद्दाम केले असा घरच्यांचा आरोप आहे आणि मी तो नाकारलेला नाही. या वेळी वाटी घेऊन अकरा पावले चालले आणि ‘बी-७०२’ची घंटा वाजवली. आधी दाराच्या भोकामागे सावली हलली, मग साखळीइतके दार उघडले आणि बाईंनी घाबऱ्या आवाजात विचारले, ‘काय झालं? सगळं ठीक आहे ना?’ शेजाऱ्याने घंटा वाजवली म्हणजे काहीतरी अशुभच असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही धरले असते. मी वाटी पुढे केली. त्या हसू लागल्या. ‘विरजण? अहो, आमच्याकडे दही लावतंय कोण! आम्ही मागवतोच. थांबा, आत्ता मागवते, दहा मिनिटांत येईल.’ मी नको म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलेही होते.

आता दही येईपर्यंत मला परत जाता येईना आणि त्यांनाही दार लावता येईना. त्यांनी आत बसायला सांगितले. त्यांचे माहेर बार्शीचे निघाले. विरजण नसेल तेव्हा त्यांची आई दुधात मिरचीची देठे घालायची आणि सकाळी दही लागलेले असायचे, असे त्या म्हणाल्या. मी ते ऐकून होते, पण करून पाहिले नव्हते. ‘मग बघू की करून,’ म्हणत त्यांनी फ्रिजमधून मिरच्यांची पिशवी काढली आणि निम्म्या मिरच्या माझ्यापुढे ठेवल्या. गेटवरच्या अ‍ॅपने ‘आत सोडू का’ असे विचारले, तेव्हा आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसून देठे खुडत होतो, आणि त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच दाबा हो, माझे हात तिखट आहेत.’